अर्ध्या सेंटिमीटरची भीती

माझी मावसबहीण मागच्या पोलीस भरतीत हाईटमध्ये उडाली. भरतीची तयारी करणारी मुलं असंच बोलतात. कुणी धावण्यात उडतं, कुणी गोळाफेकीत, कुणी हाईटमध्ये. धावणं आणि गोळा मेहनत करून सुधारता येतो. उंचीचं तसं नाही. तिची उंची ठरलेल्या मापापेक्षा अर्धा सेंटिमीटर कमी भरली. तिने पुन्हा मोजायची विनंती केली, त्यांनी पुन्हा मोजली, पुन्हा तेवढीच भरली. मग ती एक पाऊलही न धावता घरी परत आली.

तिचं घर खडवलीला, आणि नोकरी ठाण्याच्या एका मॉलमध्ये, सिक्युरिटीत. आत येणाऱ्या बायकांच्या पर्स उघडून बघायच्या आणि पूर्ण ड्युटी उभं राहायचं. पुढच्या भरतीनंतर ती वयाच्या अटीत बसणार नव्हती, म्हणजे ही एकच संधी उरली होती. डोंबिवलीत एका मैदानावर सैन्यातून निवृत्त झालेले एक सर पहाटे मुलामुलींची तयारी करून घेतात. खडवलीहून तिथे वेळेत पोचणं शक्य नव्हतं, म्हणून ती आमच्याकडे राहायला आली. माझ्या खोलीत, माझ्या पलंगाशेजारी गादी घालून.

माझ्या खोलीत दुसरं कुणी असण्याची मला सवय नाही. मी घरून काम करते, कमी बोलते, आणि फोनवर बोलतानासुद्धा दार लावून घेते. तिला दार लावायची सवयच नव्हती. ती केस विंचरताना बोलायची, बूट घालताना बोलायची, अंघोळीहून बाहेर येऊन तेच वाक्य पुढे चालू करायची. मला ती समोर ताई म्हणायची आणि आईशी बोलताना ‘आपली इंग्लिश मिडियम’.

पहिल्याच आठवड्यात तिने मला सांगितलं, ‘ताई, माझी हाईट का गेली ते मला कळलंय.’

‘का?’

‘मी जिमला गेलेले ना भरतीच्या आधी. गोळ्यासाठी. तिकडच्या पोरांनी सांगितलेलं, खांद्यावर रॉड घे, बसून ऊठ. रोज घ्यायचे. दबली हाईट.’

‘असं नसतं गं.’

‘कसं नसतं? आधी घरी मोजलेली तेव्हा भरत होती. मग वजन उचललं. मग नाही भरली. यात इंग्लिशमध्ये काय वेगळं आहे?’

वजन उचलल्याने मोठ्या माणसाची उंची कमी होत नाही हे मी वाचलेलं होतं. पण मी काय वाचलंय यापेक्षा तिच्यावर काय गुजरलंय हे तिच्यासाठी खरं होतं, आणि समोरच्याचं म्हणणं खोडून काढणं मला कधी जमलेलं नाही.

शिवाय या विषयात माझा स्वतःचा अधिकार फारसा नव्हता. मी सहा-सात महिने एका जिमला जात होते. एका मिठाईच्या दुकानाच्या वर, दुपारी बायकांची बॅच असते. बसून काम करून कंबर धरायला लागली तेव्हा डॉक्टरांनी व्यायाम सुचवला होता. मी कोपऱ्यातली जागा धरली, आरशाकडे पाठ करून, आणि सगळ्यात लहान गुलाबी डंबेल्स घेतले. जड उचललं तर दंड पुरुषांसारखे होतील असं आई म्हणायची. मी तिला हसायचे, पण हात मात्र गुलाबी डंबेल्सकडेच जायचा. तेच वजन, तेवढ्याच वेळा, महिनोन्‌महिने. काही बदललं नाही, आणि काही बदलत नाही म्हणून मी खाणं कमी केलं. रात्रीची पोळी बंद, भात तर कधीच बंद. फोनमधल्या ज्या बाईंचं मी ऐकायचे त्या रात्री फक्त सूप पीत असत. एके दिवशी डंबेल्स खाली ठेवताना माझे हात थरथरत होते. आमच्या मॅडमनी विचारलं, ‘काय खाऊन आलीस?’ मी म्हटलं, ‘सफरचंद.’ त्या म्हणाल्या, ‘सफरचंद खाऊन फक्त आजारी माणसाने पडून राहायचं.’ मला ते लागलं, पण पोळी मी पुन्हा सुरू केली.

त्या जिममध्ये मी बरंच काही बघितलं होतं, कारण मी बोलत नसल्यामुळे माझ्यासमोर सगळे बोलायचे. पोटाला प्लॅस्टिक गुंडाळून ट्रेडमिलवर चालणाऱ्या एक काकू होत्या. चालून झालं की त्या आतून निथळणारं प्लॅस्टिक काढायच्या आणि म्हणायच्या, ‘बघा, किती चरबी निघाली.’ दुसऱ्या दिवशी पाणी प्यायलं की वजनकाटा पुन्हा तिथेच यायचा. एक नवरी मुलगी फक्त पोटाचे व्यायाम करायची, कारण तिला फक्त पोटच कमी करायचं होतं. मॅडमसुद्धा सगळं बरोबरच सांगायच्या असं नाही. घाम म्हणजे वितळलेली चरबी, असं त्या छातीठोकपणे सांगायच्या, आणि दुसऱ्या दिवशी अंग दुखलं नाही तर व्यायाम फुकट गेला असंही. पण त्या कॉलेजात असताना मैदानावर खेळलेल्या होत्या, आणि कोणाचं काय चुकतंय हे त्यांना लांबून दिसायचं.

बहिणीचं धावणं उत्तम होतं. मैदानावरून आली की ती मोड आलेले चणे आणि केळी खायची, आणि दुधात कच्चं अंडं फोडून नाक धरून प्यायची.

‘उकडून खा की,’ मी एकदा म्हटलं.

‘उकडलं की ताकद जाते. सर म्हणतात.’

‘उलट उकडलेलं जास्त पचतं.’

‘तुला कसं माहीत? तू तर खातच नाहीस काही.’

आई गॅससमोरून म्हणाली, ‘बरोबर बोलली.’

कच्च्या अंड्याच्या वासाने आईला मळमळायचं. शेवटी आईनेच एक दिवस न विचारता सगळी अंडी उकडून ठेवली, आणि पुढे तोच नियम झाला. सोमवार आणि गुरुवार सोडून. त्या दोन दिवशी आमच्या घरात अंडं येत नाही, मग आई तिच्यासाठी पनीर परतायची, आणि भरतीत सोमवार-गुरुवार मोजत नाहीत का, असं बहीण विचारायची.

अडचण गोळ्याची होती. चार किलोचा लोखंडी गोळा आमच्या चपलांच्या रॅकखाली पडलेला असायचा. सर म्हणाले होते की तिच्या हातात जोर नाही, म्हणून ती रात्री माझ्या पलंगाशेजारी जोर काढायची. खोलीत तिच्या श्वासाचा आवाज भरायचा आणि मी लॅपटॉपकडे बघत राहायचे. महिना झाला तरी गोळा होता तिथेच पडत होता. जिथे तो पडायचा तेवढ्याला फार थोडे गुण होते. धावण्याच्या गुणांवर ती लेखी परीक्षेपर्यंत कशीबशी पोचली असती, पण कशीबशी पोचणाऱ्या मुली ठाणे जिल्ह्यात हजारो होत्या. हे ती स्वतःच म्हणायची.

एका रविवारी मी तिच्याबरोबर मैदानावर गेले. कठड्यावर बसून बघत राहिले. ती गोळा मानेला लावायची, कंबरेत वाकायची आणि हाताने ढकलायची. तिच्या पुढची एक सडपातळ मुलगी गुडघ्यातून खाली जाऊन अंग वळवत उठायची, आणि तिचा गोळा बहिणीच्या गोळ्याच्या बराच पुढे पडत होता. त्या मुलीचे हात बहिणीपेक्षा बारीक होते.

मला जे दिसलं ते बरोबर आहे का हे विचारायला मी सोमवारी मॅडमकडे गेले. सात महिन्यांत मी पहिल्यांदा त्यांना स्वतःहून काही विचारत होते. त्या कुणाच्या तरी फीची पावती करत होत्या. मी शेजारी उभी राहून पावती पूर्ण व्हायची वाट बघत राहिले, मग त्यांनी दुसरी पावती काढली, मग मी बोलले.

‘घेऊन ये तिला,’ त्या म्हणाल्या. ‘गोळा हाताने जातो असं सगळ्यांना वाटतं. पायांतून उठतो तो. मांड्यांत आणि कंबरेत जोर नसेल तर हात काय करणार?’

‘म्हणजे खांद्यावर रॉड?’

‘मग काय, डोक्यावर हंडा?’

घरी येऊन मी हे सांगितलं तेव्हा बहीण पलंगावर पाय दुमडून बसली होती.

‘म्हणजे गोळा पाहिजे तर हाईट दे, आणि हाईट पाहिजे तर गोळा सोड,’ ती म्हणाली.

‘हाईट जात नाही गं वजनाने.’

‘नाही गेली तर छान. पण गेली तर? तू भरून देणार आहेस?’

ती माझ्या बोलण्यावर विसंबून वजन उचलणार आणि पुन्हा अर्ध्या सेंटिमीटरने उडणार, असं झालं असतं तर मी काय केलं असतं मला माहीत नाही. खात्री असणं वेगळं आणि दुसऱ्याची नोकरी त्या खात्रीवर लावणं वेगळं. मी रात्रभर याचाच विचार केला आणि सकाळी ठरवलं की तिला सांगायचं नाही, दाखवायचं.

आमच्या बाथरूमच्या दाराच्या चौकटीला तिला टाच टेकवून उभं केलं. माझा शाळेतला जाड अॅटलास तिच्या डोक्यावर आडवा धरला आणि पेन्सिलने रेघ मारली. ती मैदानावर जायच्या आधी, उठल्या उठल्या. शेजारी माझीही रेघ तिच्याकडून मारून घेतली. संध्याकाळी ती मॉलमधून आली तेव्हा बूट काढायला लावून पुन्हा मोजलं. दुसरी रेघ पहिलीच्या खाली आली, जवळजवळ एक सेंटिमीटर.

तिने दोन्ही रेघांवरून बोट फिरवलं. ‘हे काय?’

‘दिवसभर उभं राहिलं की मणक्यांच्या मधल्या गाद्या थोड्या दबतात. रात्री आडवं झालं की पुन्हा फुगतात. सगळ्यांचंच होतं.’

‘तुझं पण?’

तिने माझंही मोजलं. माझंही झालं होतं, तिच्यापेक्षा थोडं कमी, कारण मी दिवसभर बसून होते.

‘मागच्या वेळी तुला कधी मोजलं?’

‘दुपारी. नंबर यायला दोन वाजले. पहाटेपासून उभीच होते ना रांगेत.’ मग तिने पुन्हा रेघांकडे बघितलं. ‘मोजणाऱ्यांनी बरोबरच मोजलं म्हणजे.’

‘बरोबरच मोजलं.’

मला वाटलं विषय संपला. तिने आठवड्यातले काही दिवस अर्धी ड्युटी मागून घेतली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्याबरोबर जिमला आली. मॅडमनी तिला आधी रिकामा रॉड दिला, मग दोन्ही बाजूंना थोडं थोडं वजन. ती बसली, उठली, बसली, उठली. तिचे पाय मजबूत होते, तिला ते जमत होतं, आणि प्लॅस्टिकवाल्या काकू ट्रेडमिल थांबवून बघत होत्या. ‘मुलीच्या जातीला एवढं वजन बरं नव्हे,’ त्या म्हणाल्या. बहीण रॉड जागेवर ठेवत म्हणाली, ‘काकू, आमच्याकडे सिलेंडर तिसऱ्या माळ्यावर मीच चढवते. तेव्हा कुणी जात विचारत नाही.’

घरी आल्यावर ती चप्पलही न ठेवता सरळ चौकटीपाशी गेली. मी अॅटलास धरला. नवी रेघ सकाळच्या रेघेच्या खाली आली, बऱ्यापैकी खाली.

‘बघ,’ ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता. ‘बघ, झाली ना कमी.’

हे मी धरलंच नव्हतं. मी वाचलं होतं की उंची कायमची जात नाही. व्यायामानंतर लगेच मोजली तर ती थोडी कमी दिसेल हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. ‘सकाळपर्यंत थांब,’ एवढंच मी म्हणू शकले. त्या रात्री ती जोर न काढताच झोपली, उताणी, हात अंगाशी घेऊन, उशीसुद्धा न घेता. मला झोप लागली नाही. ती वर्षभराच्या मेहनतीबद्दल बोलायची तेव्हा कधी रडवेली व्हायची नाही, आणि आता ती नुसती छताकडे बघत होती.

सकाळी तिने मला हलवून उठवलं. अॅटलास तिच्या हातात होता. रेघ पहिल्या दिवशीच्या सकाळच्या रेघेवर बरोबर बसली. तिने मला तीनदा मोजायला लावलं.

त्यानंतर तिने स्वतःच प्रयोग हातात घेतला. वजन उचललेल्या दिवशी संध्याकाळी माप, नुसत्या ड्युटीच्या दिवशी संध्याकाळी माप, सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी माप. चौकटीवर रेघांची दाटी झाली आणि आईने आधी कुरकुर केली, मग कोणती रेघ कोणाची ते विचारायला लागली. सगळ्यात खालची रेघ मॉलच्या ड्युटीची निघाली.

‘म्हणजे जिमने नाही, नोकरीने हाईट जाते,’ बहीण म्हणाली. ‘सुपरवायझरला दाखवायला पाहिजे. आता म्हणेल, बसून पर्स चेक कर.’

पण तिची भीती पूर्ण गेली असं मी म्हणणार नाही. प्रत्येक वेळी वजन उचलून झालं की ती दांड्याला लटकायची. लटकल्याने उंची वाढते असं मॅडमही म्हणायच्या. वाढत नाही, लटकून उतरलं की दबलेलं थोडं सुटतं आणि थोड्या वेळात पुन्हा दबतं. पण मी तिला लटकू दिलं. लटकण्याने तिचं नुकसान होत नव्हतं आणि लटकून उतरली की तिचा चेहरा मोकळा व्हायचा. शेवटच्या आठवड्यात मात्र तिने वजन उचलायचं नाही असं ठरवलं, आणि मॅडम म्हणाल्या, ‘चालेल, तेव्हा विश्रांतीच पाहिजे.’ विश्रांतीचं तिला पटत नव्हतं. एक दिवस मैदान चुकलं की सगळी ताकद उतरते असं तिला वाटायचं. मागे ताप असतानाही ती धावायला गेली होती. आता तिने विश्रांती घेतली ती केवळ उंचीसाठी. कारण चुकीचं होतं, पण निदान पाय ताजे राहिले.

गोळा पुढे जायला लागला होता. ती आली की आधी आईला सांगायची, मग मला. मैदानावर खडूने मारलेल्या रेघांपैकी कोणत्या रेघेला पोचला ते. मीही एव्हाना गुलाबी डंबेल्स सोडले होते. मॅडमनी बहिणीला शिकवताना मलाही शेजारी उभं केलं आणि ‘तू पण घे’ एवढंच म्हटलं. मी आरशाकडे पाठ करायचं विसरले होते. माझे दंड पुरुषांसारखे झाले नाहीत. कंबर दुखायची थांबली.

ग्राउंडची, म्हणजे मैदानी चाचणीची, तारीख आली आणि आईने कॅलेंडर बघून सांगितलं की आदल्या दिवशी संकष्टी आहे. बहीण दर संकष्टीला उपास करते. चंद्रोदयापर्यंत साबुदाण्याची वाटीभर खिचडी आणि पाणी. शिवाय या वेळी तिने गणपतीला सांगितलेलं होतं.

‘आदल्या दिवशी पोटभर जेवायला पाहिजे,’ मी म्हटलं. ‘सर पण हेच सांगतील.’

‘उपासाने अंग हलकं राहतं. धावायला बरं.’

‘हलकं नाही राहत. रिकामं राहतं.’

‘देवाला सांगितलेलं मोडायचं का मग? ऐन वेळेला?’

मी आईकडे बघितलं. मला वाटलं आई तिचीच बाजू घेईल. आई वाटाणे सोलत होती. ती म्हणाली, ‘तुझी संकष्टी मी धरते. मावशीने धरली तर चालते. तू वरणभात खा.’

‘असं चालतं?’

‘मी विचारून घेते त्याला.’

आईचीही संकष्टी असतेच, त्यामुळे तिने एकाच दिवसात दोन उपास कसे केले ते मला माहीत नाही. पण बहीण दुपारी आणि संध्याकाळी दोन्ही वेळा भात जेवली, पहिल्यांदा चोरट्यासारखी आणि मग दोनदा वाढून घेऊन. मग आठ वाजता उताणी झोपली.

ठाण्याला जायला पहाटे निघालो. बाबांनी त्यांची जुनी गाडी काढली. बहीण म्हणाली, ‘काका, मी बसणार नाही.’

‘मग कशी येणार?’

‘आडवी.’

भरतीच्या मुलामुलींमध्ये हे सगळ्यांना माहीत असतं, हे मला तेव्हा कळलं. उंची का कमी होते ते त्यांना माहीत नसतं, पण मोजायच्या आधी जितका वेळ आडवं राहता येईल तितकं राहायचं, हे पक्कं ठाऊक असतं. तिने आणि मी चौकटीवर इतके दिवस जे शोधलं, ते कुणीतरी कधीच शोधून ठेवलं होतं. मागच्या वर्षी ते तिला कुणी सांगितलं नव्हतं एवढंच.

ती मागच्या सीटवर आडवी झाली, गुडघे दुमडून, डोकं माझ्या मांडीवर. मला कुणाचा स्पर्श इतका वेळ सहन होत नाही. मी हात कुठे ठेवायचा ते न कळून शेवटी तिच्या कपाळावर ठेवला. मोठागावच्या पुलावरून माणकोलीला लागलो तोपर्यंत रस्ता बरा होता. नंतर खड्डे सुरू झाले. प्रत्येक खड्ड्याला ती डोळे मिटायची.

‘काका, हळू. एकेका खड्ड्याला एक मिलिमीटर जातोय.’

बाबा म्हणाले, ‘पालिकेवर केस टाक. नोकरी लागल्यावर तूच तक्रार लिहून घे.’

बाळकुम गेलं, माजिवडा गेला. मैदानाच्या बाहेर पोचलो तेव्हा उजाडत होतं. फुटपाथवर, भिंतीच्या कडेने, मुली आडव्या झाल्या होत्या. चादरी, ओढण्या, वर्तमानपत्रं, काहीतरी खाली घालून ओळीने उताण्या. डोक्याशी पाण्याच्या बाटल्या आणि कागदपत्रांच्या पिशव्या. दुधवाला त्यांच्या पायांपासून सायकल वळवून नेत होता. कुणी हसत नव्हतं, कुणी लाजत नव्हतं. बहिणीने चादर पसरली. शेजारच्या मुलीने पडल्या पडल्याच विचारलं, ‘तुझी पण बॉर्डरलाच का?’

‘मागच्या वेळी अर्ध्याने गेलेले. तू?’

‘मी शहाडची. माझी भरते, पण आई म्हणाली, झोपून राहा, काय जातंय.’

मी तिच्या उशाशी उकिडवी बसले. येणारीजाणारी माणसं आमच्याकडे बघत होती आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं. नंबरांची हाक सुरू झाली तशी मुली एकेक करून उठायला लागल्या. शेवटच्या क्षणापर्यंत पडून राहायचं, मग उठून फाटकाकडे चालत जायचं. बहिणीने माझ्याकडे फोन दिला, आत फोन नेता येत नव्हता. ती आत गेली तेव्हा साडेसात झाले होते.

आत सगळ्यात आधी कागदपत्रं बघतात, मग उंची. उंचीत उडालेल्या मुली लगेच बाहेर पडतात. धावणं आणि गोळा करून येणाऱ्यांना दुपार होते. म्हणजे लवकर बाहेर येणाऱ्या प्रत्येक मुलीचं काय झालं ते फाटकाबाहेरच्या सगळ्यांना कळायचं. बाबा आणि मी समोरच्या चहाच्या टपरीवर उभे राहिलो. फाटक उघडलं की मी बघायचे. निळी ट्रॅकपँट. ती नव्हे. लाल टीशर्ट, डोळे पुसत. ती नव्हे. एका मुलीचे वडील तिला बाहेर येताना बघून हातातला चहा तसाच कठड्यावर ठेवून तिच्याकडे गेले आणि तिच्या हातातली पिशवी घेतली.

आठ वाजले, मग साडेआठ. बाबा म्हणाले, ‘अजून आली नाही.’ मी म्हटलं, ‘आली नाही ते चांगलं.’ बाबांनी दुसरा चहा घेतला. आईचा फोन आला, मी म्हटलं, अजून आली नाही. आई म्हणाली, ‘नको येऊ दे.’ नऊ वाजता फाटकातून एकदम चार मुली बाहेर आल्या आणि त्यातली मागची एक अगदी तिच्यासारखी होती, तसाच बांधा, तशीच वेणी. मी दोन पावलं पुढे गेले. जवळ आल्यावर ती कुठल्याच बाजूने बहिणीसारखी नव्हती.

साडेनऊनंतर मी फाटकाकडे बघणं सोडलं. आता ती बाहेर आली नव्हती म्हणजे आतच राहिली होती.

ती दुपारी आली. चेहरा तांबडा, चपला हातात, एका टाचेला मोठा फोड आणि खांद्यावर घामाचं पांढरं मीठ. ती बाबांच्या आधी माझ्याकडे आली.

‘भरली?’ मी विचारलं, मला माहीत होतं तरी.

‘भरली. वर थोडी उरली पण.’ तिने दोन बोटांत चिमटीभर जागा दाखवली. ‘गोळा आउट ऑफ नाही गेला, पूर्ण मार्क नाही पडले. पण मागच्यापेक्षा... ताई, शहाडवाली बघत राहिली. म्हणाली, खातेस काय तू?’

‘काय सांगितलंस?’

‘वरणभात. तिला वाटलं लपवतेय.’

बाबांनी गाडीचं मागचं दार उघडलं आणि सवयीने म्हणाले, ‘चल, हो आडवी.’

ती म्हणाली, ‘नको काका. आता होऊ दे कमी,’ आणि पुढच्या सीटवर ताठ बसली. घरी पोचेपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती, आणि एकाही खड्ड्याला तिने डोळे मिटले नाहीत.